जुन्या कचेरीवरचा नवा मजला

पुण्यासाताऱ्याकडच्या एखाद्या जुन्या सेवाभावी संस्थेच्या कार्यालयात एप्रिलमधल्या दुपारी तीनच्या सुमारास जो कोणी देणगीची पावती घेण्यासाठी गेला असेल, त्याला एक कोडे पडल्यावाचून राहिले नसेल. पुढची मूळ इमारत दीड-दोन फूट जाडीच्या दगडी भिंतींची, वर लाकडी माळा आणि त्यावर मंगलोरी कौले. तेथे बसलेले चिटणीस अगदी सुखात नसले तरी चार शब्द बोलण्याइतके स्वस्थ असतात. मागच्या बाजूला मात्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गरजेपोटी बांधलेली सिमेंटची एक खोली असते, तिच्यावर काँक्रीटची सपाट स्लॅब असते, आणि तेथे जमाखर्च लिहीत बसलेले हिशेबनीस डोक्यावर पूर्ण वेगाने फिरणाऱ्या पंख्याकडे अशा नजरेने पाहत असतात की, हे यंत्र आपल्याला वारा घालीत आहे की भट्टीचा भाता फुंकीत आहे, याचा निर्णय त्यांना अद्याप करता आलेला नाही. दोन्ही खोल्यांवर सूर्य एकच, कुंपण एकच, हवा एकच. मग पंधरा पावलांच्या अंतरात हा ऋतुबदल कोठून आला?

हे कोडे उकलणे केवळ कुतूहलाचे नव्हे. समजा, याच संस्थेची सेवकसंख्या पंधरावरून चाळीसवर गेली आहे, विश्वस्त मंडळाने जागा वाढवण्याचा ठराव मंजूर केला आहे, आणि पुढच्या सभेत जो नकाशा येणार आहे तो त्या मागच्या खोलीचीच वाढवलेली आवृत्ती असून तिला आठ वातानुकूलन यंत्रे जोडलेली आहेत. हा नकाशा कोणी वाईट हेतूने काढलेला नसतो. तो सवयीने निघतो. ‘शाश्वत इमारत’ हा शब्द अलीकडे फार ऐकू येतो, पण त्याचा अर्थ साधा आहे: जी बांधताना थोडे खाते, आणि उभी राहिल्यावर त्याहून थोडे खाते, ती. अशी इमारत कशी योजावी, हे त्या दोन खोल्यांच्या कोड्यातूनच शिकता येते.

रुमाल सोडून पाहावेत

नवे बांधकाम काढण्यापूर्वी जुन्या जागेची मोजदाद करावी, हा सल्ला इतका गद्य आहे की तो सहसा कोणी देत नाही. पेशवाईचे दफ्तर कापडी रुमालांत बांधलेले असे, हे आपण इतिहासात वाचतो. आपल्या संस्थांची दफ्तरे लोखंडी कपाटांत बांधलेली असतात, एवढाच फरक. ज्या कार्यालयात चौरस फुटांची टंचाई असल्याची तक्रार आहे, तेथे एकदा फीत घेऊन फिरावे आणि माणसांनी किती जागा व्यापली आहे व मुदत संपलेल्या कागदांनी, मोडक्या खुर्च्यांनी आणि जुन्या अहवालांच्या न वाटलेल्या प्रतींनी किती, हे लिहून काढावे. त्यानंतर सभागृहाकडे वळावे: आठवड्यातून एकदा उघडणारे दालन उरलेले सहा दिवस कोणाच्या उपयोगी पडू शकते? सर्वांत काटकसरीचा मजला म्हणजे जो बांधावा लागला नाही तो. आणि चाळीस माणसांतली पंधरा जर दररोज खेड्यापाड्यांत फिरतीवर असतील, तर चाळीस मेजे मांडण्याचे कारण उरत नाही.

तरीही जागा हवीच आहे, असे ठरले की पुढचा प्रश्न पडतो तो ‘वर की बाजूला’ हा. बाजूला वाढावे तर अंगण जाते, झाडे जातात, आणि पावसाचे पाणी जिरायला उरलेली जमीनही जाते. वर जावे तर पायाला विचारावे लागते. शंभर चौरस मीटरचा, म्हणजे साधारण अकराशे चौरस फुटांचा मजला घ्या. पाच इंची काँक्रीटची एक स्लॅब सुमारे तीस टन भरते. चारही बाजूंच्या नऊ इंची विटांच्या भिंती, खिडक्यांची वजावट न धरता, पन्नास टनांच्या घरात जातात. त्याच भिंती हवेच्या बुडबुड्यांनी फुगवलेल्या हलक्या सिमेंट-ठोकळ्यांच्या केल्या तर पंधरा-सोळा टनांत भागते. जुन्या इमारतीचे भवितव्य पुष्कळदा या पस्तीस टनांच्या फरकावर अवलंबून असते. पाया मुरमावर किंवा कातळावर असेल तर आशा धरावी. पावसात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या मातीत असेल तर संरचना-अभियंत्याने खड्डा खणून प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणी नारळ फोडू नये. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतींवर सरळ भार टाकण्यापेक्षा जुन्या इमल्याच्या बाहेरून किंवा आतून पोलादी खांब उभे करून नवा मजला त्यांच्यावर पेलण्याचाही मार्ग असतो.

उष्णतेचे टपाल

आता कोड्याकडे. उष्णता भिंतीतून किंवा छपरातून पलीकडे जाते ती एकदम जात नाही, ती टपालासारखी जाते. पत्र टाकले आणि पोचले यांच्यामध्ये काही वेळ जातो, आणि तो वेळ पदार्थाच्या जाडीवर व जातीवर ठरतो. पाच इंची काँक्रीटच्या स्लॅबमधून हे टपाल ठोकळमानाने तीन ते चार तासांत पोचते. म्हणजे दुपारी साडेबाराला सूर्याने वरच्या पेटीत टाकलेले पत्र चार वाजता आढ्याखाली हिशेबनिसांच्या डोक्यावर येऊन पडते. दोन फुटी दगडी भिंतीतून तेच टपाल बारा तासांहून अधिक वेळ घेते, आणि पोचते तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते, कचेरीला कुलूप असते, पत्र घ्यायला कोणीच नसते.

येथे घर आणि कचेरी यांतला भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. घरात रात्री पोचलेली उष्णता झोप मोडते. कचेरी दहा ते सहा चालते, तिला रात्रीचे टपाल चालते. म्हणूनच दिवसा वापरायच्या इमारतीस जाड, जड भिंती अतिशय मानवतात, मात्र एका अटीवर: रात्री पोचलेली उष्णता पहाटेच्या गार वाऱ्याबरोबर बाहेर निघून गेली पाहिजे. ती आतच कोंडली तर सकाळी दहाला भिंती कालच्याच थकबाकीसह कामावर हजर होतात.

पंखा गरम हवा का फेकतो, याचेही उत्तर येथेच आहे. तापलेली स्लॅब दोन वाटांनी त्रास देते. तिला चिकटलेली हवा तापते आणि ती पंखा खाली ढकलतो, ही एक वाट. आणि शेगडीसमोर बसल्यावर हवा गार असूनही तोंडाला जशी धग लागते, तशी धग त्या स्लॅबमधून सरळ आपल्या डोक्याखांद्यांवर येते, ही दुसरी. या दुसऱ्या वाटेला वैज्ञानिक ‘प्रारण’ म्हणतात. खोलीतला तापमापक चौतीस अंश दाखवीत असताना माणसाला अडतीस वाटतात ते या प्रारणामुळे, आणि वातानुकूलन यंत्र बसवले तरी त्याचा बराचसा दम हवा गार करण्यापेक्षा त्या तव्याशी झुंजण्यात खर्च होतो.

छत्री आणि घोंगडी

मग पुढच्या खोलीचे छप्पर वेगळे काय करते? तेथे जाडी थोडीच आहे. कौल तर अर्ध्या-पाऊण इंचाचे. परंतु कौल तापते ते एकट्याने तापते, त्याच्या खाली माळ्याची पोकळी असते, कौलांच्या फटींतून त्या पोकळीतली गरम हवा निसटत राहते, आणि धग माळ्याच्या फळ्यांपर्यंत येते ती निम्मी-शिम्मी होऊन. उन्हात चालणारा माणूस छत्री घेतो आणि मेंढपाळ घोंगडी पांघरतो. दोघेही शहाणे आहेत, पण दोन वेगळ्या कारणांनी. छत्री ऊन अंगाला लागण्याआधीच अडवते, घोंगडी लागलेले ऊन आत जायला उशीर लावते. कौल आणि माळा ही छत्री होय. धाब्याच्या घरावरचा पांढऱ्या मातीचा जाड थर ही घोंगडी होय. मागच्या खोलीच्या पातळ स्लॅबला यांपैकी काहीच नाही. ती बोडकी उन्हात उभी आहे.

छपराचेच एवढे महत्त्व का, हे आकड्यांवरून उमजेल. निरभ्र उन्हाळ्यात भर दुपारी दर चौरस मीटर सपाट पृष्ठावर सुमारे एक हजार वॅट इतकी सूर्यशक्ती पडते, म्हणजे कपड्यांच्या इस्त्रीएवढी. आपल्या शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर त्या वेळी जणू शंभर इस्त्र्या पालथ्या घालून ठेवलेल्या असतात. करडे सिमेंट यातले जेमतेम एक तृतीयांश परत फेकते आणि बाकीचे गिळते. पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, जिला गवंडी ‘चायना मोझॅक’ म्हणतात, ती स्वच्छ असेपर्यंत दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक परत फेकते. चुन्याचा पांढरा हात त्याहून स्वस्त पडतो, पण दर उन्हाळ्यापूर्वी द्यावा लागतो आणि धुळीने मळतो.

तेव्हा नव्या मजल्याच्या छपराचा क्रम असा असावा: आधी छत्री, मग पांढरा रंग, मग घोंगडी. छत्री कौलांची करता येईल, किंवा गच्चीपासून माणूस वावरेल एवढ्या उंचीवर सौर पट्ट्यांचा मांडव घालूनही करता येईल. मग एकाच खर्चात वीज आणि सावली दोन्ही मिळतात. घोंगडी, म्हणजे उष्णतारोधक थर, स्लॅबच्या वर घालावी, खाली नव्हे. खाली घातली तर स्लॅब स्वतः उन्हात प्रसरते आणि रात्री आकसते, तिला केसासारख्या चिरा जातात, आणि चार पावसाळ्यांनंतर आढ्यावर नकाशे उमटू लागतात. हे कलम अंदाजपत्रकातून सर्वांत आधी कापले जाते, कारण उद्घाटनाच्या दिवशी ते कोणाच्याच नजरेस पडत नाही.

सूर्य कोठून येतो

दक्षिणेकडे खिडकी नको, ऊन येते, असे मी अनेक विश्वस्तांच्या तोंडून ऐकले आहे, आणि पश्चिमेला मोठी काच हवी, रस्ता दिसतो, असेही त्याच सभेत ऐकले आहे. पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे साडेअठरा अंशांवर, वस्तुस्थिती बरोबर उलट आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दिवसभर आकाशाच्या उत्तर भागातून फिरतो. त्या काळात दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. मार्चमध्ये भर दुपारी तो क्षितिजापासून सुमारे साडेएकाहत्तर अंशांवर असतो, आणि तेव्हा दक्षिणेच्या खिडकीवरचा दोन फुटी छज्जा खाली तब्बल सहा फूट सावली टाकतो; डिसेंबरात सूर्य अठ्ठेचाळीस अंशांवर उतरतो, सावली सव्वादोन फुटांवर येते, आणि गार सकाळी थोडे ऊन आत येते ते सुखाचेच असते. दक्षिणेचा सूर्य असा सभ्य, नियमबरहुकूम वागणारा आहे. पश्चिमेचा तसा नाही. एप्रिलात पावणेपाचच्या सुमारास तो तीस अंशांवर असतो, तोच दोन फुटी छज्जा तेव्हा जेमतेम सव्वा फूट सावली देतो, आणि बाकीची खिडकी भाल्यासारख्या तिरप्या किरणांना मोकळी राहते.

म्हणून इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, खिडक्या उत्तर-दक्षिणेला घ्याव्यात, आणि पश्चिमेच्या अंगाला जिना, स्वच्छतागृहे, दप्तराची खोली अशी जेथे कोणी तासन्‌तास बसत नाही ती दालने रांगेने लावावीत. ती मधल्या माणसांसाठी पागोट्याचे काम करतात. पश्चिमेला खिडकी ठेवावीच लागली तर छज्ज्याऐवजी उभ्या पट्ट्या, बांबूची चीक किंवा सरळ एखादे झाड. माझ्या पाहण्यातल्या एका संस्थेने आधुनिक दिसावे म्हणून पश्चिमेची सबंध भिंत काचेची केली होती. दुसऱ्या वर्षी तिला आतून जाड पडदे लागले, पडद्यांमुळे अंधार झाला, आणि आता त्या काचेच्या महालात भर दुपारी दिवे लावून काम चालते.

उजेडाचे एक ढोबळ मान ध्यानात ठेवावे: खिडकीचा माथा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या सुमारे दुप्पट अंतरापर्यंतच कामापुरता उजेड आत पोचतो. माथा सात फुटांवर असेल तर चौदा-पंधरा फूट. दोन्ही बाजूंना खिडक्या असतील तर दालनाची रुंदी तीस फुटांच्या आत ठेवली की मधल्या मेजावरचा माणूसही दिव्याविना वाचू शकतो. खिडकीच्या वर झरोका घेऊन माथा नऊ फुटांवर नेला तर उजेड आणखी चार फूट आत सरकतो, आणि तोच झरोका वर साठलेल्या गरम हवेला वाट करून देतो. जुन्या वाड्यांचा चौक हेच दुहेरी काम करीत असे.

माठ श्रावणात का निवत नाही

एवढे करूनही एप्रिल-मेचे काही आठवडे राहतातच, आणि तेथे यंत्राचा प्रश्न येतो. एप्रिलात माठातले पाणी गारेगार होते आणि श्रावणात ते तितके निवत नाही, हे घरोघरी ठाऊक आहे. पाणी सुकते तेव्हा ते जवळची उष्णता ओढून घेते. हवा कोरडी असेल तर ते झपाट्याने सुकते, हवा आधीच ओली असेल तर सुकतच नाही. एक लिटर पाणी सुकताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता, काटेकोर बोलायचे तर ०.६७ युनिट, शोषली जाते. तासाला दहा लिटर पाणी सुकवणारे यंत्र जवळजवळ दोन टनांच्या वातानुकूलन यंत्राची बरोबरी करते, आणि वीज लागते ती फक्त पंख्याला व छोट्या पंपाला. (हा ‘टन’ वजनाचाच आहे: एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता घेतो, त्या गतीला यंत्रवाल्यांनी हे नाव दिले.) आठ तासांत पाणी लागले ऐंशी लिटर; कार्यालयातील दोन माणसांच्या रोजच्या वाट्याहून कमी. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारणाऱ्या जुन्या लोकांनी हा हिशेब आकड्यांवाचून केला होता.

यातली अडचण जुलैची आहे, आणि तिचे फार समंजस उत्तर दिल्लीच्या कुतुब इन्स्टिट्यूशनल एरियात पाहायला मिळते. अशोक खोसला यांनी स्थापन केलेल्या ‘डेव्हलपमेंट आल्टर्नेटिव्ह्ज’ या संस्थेचे तेथे मातीच्या ठोकळ्यांचे जुने कार्यालय होते. संस्था वाढली, जागा अपुरी पडली, आणि त्याच भूखंडावर वास्तुविशारद अशोक बी. लाल यांनी तिची नवी, मोठी इमारत योजली. तेथील शीतकरण दुहेरी आहे: कोरड्या उन्हाळ्यात पाण्याच्या बाष्पीभवनावर काम भागवायचे, आणि दमट महिन्यांतच नेहमीच्या वातानुकूलन यंत्राला हात लावायचा. बांधकामातही राखेच्या व मातीच्या विटा, तारेच्या जाळीवर सिमेंटचा पातळ थर देऊन केलेले फेरोसिमेंटचे भाग, आणि सपाट स्लॅबऐवजी उथळ घुमटांचे छत वापरून सिमेंट-पोलादाची उधळण टाळली आहे. दिल्लीच्या मानाने पुण्याचा उन्हाळा सौम्य, पावसाळा गार. येथे तर पुष्कळ कार्यालयांना दमट महिन्यांत पंख्यावरच भागवता येते. अंगावरून वारा वाहू लागला की तीच हवा दोन-तीन अंश गार भासते, आणि नव्या जातीचा पंखा जुन्याच्या निम्म्याहून कमी विजेत तेवढाच वारा देतो.

> चौकट: थोडी आकडेमोड
>
> पाऊस. शंभर चौरस मीटर गच्ची, वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर, त्यातला ऐंशी टक्के हाती लागला असे धरले तर ५६,००० लिटर. चाळीस माणसे, माणशी रोज ४५ लिटर, म्हणजे दिवसाला १,८०० लिटर. वर्षाचा पाऊस एका महिन्याला पुरतो. तो टाकीत साठवण्याच्या भरीस न पडता पहिला मळका पाऊस वगळून बाकीचा गाळून विंधन-विहिरीजवळ जिरवावा.
>
> सूर्य. एक किलोवॅटच्या सौर पट्ट्यांना सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते आणि महाराष्ट्रात वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिटांच्या आसपास वीज मिळते. टाकी व वावर सोडून गच्चीवर सहा किलोवॅट बसले, तर महिन्याला सुमारे ७२० युनिट.
>
> यंत्रे. आठ वातानुकूलन यंत्रे, प्रत्येकी ताशी सरासरी एक युनिट, रोज आठ तास, महिन्याचे पंचवीस दिवस: १,६०० युनिट.
>
> यंत्रांवाचून. चाळीस लॅपटॉप, वीस पंखे आणि दिवे मिळून रोज पंचवीस-सव्वीस युनिट, महिन्याला सुमारे ६५० युनिट.

या चौकटीतले दुसरे, तिसरे आणि चौथे कलम शेजारी ठेवून पाहावे. चुकीच्या नकाशाची इमारत सबंध गच्चीभर सौर पट्ट्या घालूनही यंत्रांच्या निम्म्या भुकेलाही पुरी पडत नाही. बरोबर नकाशाच्या इमारतीला त्याच पट्ट्या वर्षाच्या हिशेबात पुरून उरतात.

सिमेंटची दोन पापे

मालमसाल्याविषयी थोडक्यात सांगतो. सिमेंट चुनखडीपासून होते, आणि ती सुमारे १,४५० अंशांवर भाजावी लागते. त्या इंधनाचा धूर हे पहिले पाप. दुसरे पाप चुनखडीच्या पोटातच आहे: शुद्ध चुनखडीच्या दर शंभर किलोंतून चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड भाजताना सुटून जातो, मग भट्टी कितीही स्वच्छ इंधनावर चालवा. म्हणून उपाय एकच, सिमेंट थोडे वापरणे. औष्णिक वीजकेंद्रांची राख मिसळलेले सिमेंट बाजारात सर्रास मिळते. लॉरी बेकर या मूळच्या इंग्रज व पुढे केरळात स्थायिक झालेल्या वास्तुविशारदाने दोन युक्त्या आपल्याकडे लोकप्रिय केल्या. एक म्हणजे विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावून भिंतीच्या पोटात पोकळी सोडणे. नऊ इंचीच भिंत होते, पण विटा सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात आणि पोकळीची हवा घोंगडीचे काम करते. दुसरी युक्ती स्लॅबची. स्लॅब वाकू पाहते तेव्हा तिचा वरचा भाग दाबला जातो व खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र फारसा सोसत नाही, तो सोसायला सळ्या असतात. मग खालच्या भागात, सळ्यांच्या चौकटींमध्ये, काँक्रीट भरण्याचे प्रयोजन काय? तेथे बेकरांनी जुनी मंगलोरी कौले भरली.

आपल्या संस्थेच्या जुन्या छपराची जी कौले नव्या मजल्यासाठी उतरवावी लागतील, त्यांना याहून चांगली नोकरी मिळणार नाही.

पाटी आणि देयक

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. खासगी कंपनी इमारत बांधते तेव्हा बांधकामाचा पैसा आणि विजेच्या देयकाचा पैसा एकाच खिशातून जातो. धर्मादाय संस्थेचे खिसे दोन असतात आणि ते एकमेकांना ओळखत नाहीत. इमारतीसाठी देणगी मिळते, कारण इमारतीवर संगमरवरी पाटी लावता येते; ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ मे महिन्याचे विजेचे देयक’ अशी पाटी आजवर कोणी लावलेली नाही. ते देयक जाते किरकोळ वर्गण्यांतून. युनिटला १२ रुपये धरले तर त्या आठ यंत्रांचे महिन्याचे १९,२०० रुपये होतात. वर्षाला पाचशे रुपये पाठवणाऱ्या अडतीस हितचिंतकांची सबंध वर्षाची वर्गणी एका महिन्यात आढ्याखाली विरून जाते, आणि ज्या मुलींच्या शिक्षणासाठी किंवा ज्या पाणलोटाच्या कामासाठी ती पाठवली होती, तेथे तिचा एक रुपयाही पोचत नाही.

म्हणून इतर कोणापेक्षा धर्मादाय संस्थेला बांधताना थोडे जास्त आणि चालवताना पुष्कळ कमी खर्च करणारी इमारत परवडते. देणगीदाराकडे जायचे ते छपराचा थर, झरोके आणि पश्चिमेची झाडे अंदाजपत्रकात घालूनच. नंतर त्यांच्यासाठी कोणी वेगळे देत नाही. कर्ज काढून ही दरी भरू म्हणावे तर आपल्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली विश्वस्तांना त्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी घ्यावी लागते, आणि ही अट अनाठायी नाही.

देणगीदाराला सौर पट्ट्या आवडतात, कारण त्या चमकतात आणि छायाचित्रात येतात. पांढरा चुना छायाचित्रात नुसता पांढरा दिसतो. हरित इमारतींची प्रमाणपत्रेही अशीच आकर्षक असतात. हैदराबादचे सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर २००४ साली सुरू झाले तेव्हा त्याच्या सर्वोच्च मानांकनाचा देशभर गाजावाजा झाला, २००७ पासून ‘गृह’ ही स्वदेशी मानांकन-पद्धती आली, तिच्यात लहान इमारतींसाठी ‘स्वगृह’ असा सुटसुटीत प्रकारही आहे. त्यांची निकषांची यादी सल्ल्यासाठी अवश्य वाचावी. नोंदणीशुल्क भरायचे की तेवढ्यात गच्ची पांढरी करायची, याचा निर्णय मात्र प्रत्येक मंडळाने आपल्या तिजोरीकडे पाहून करावा. माझे मत गच्चीच्या बाजूने पडेल.

किल्ल्यांचा जुडगा

एवढे सगळे जमून आल्यावरही एक माणूस हा बेत सहज उधळू शकतो, आणि तो म्हणजे संध्याकाळी सहाला इमानेइतबारे सगळ्या खिडक्या लावून घेणारा शिपाई. त्याची चूक नाही. खिडकी उघडी राहून काही चोरीला गेले तर जाब त्यालाच विचारला जातो. पण जाड भिंतींचे मध्यरात्रीचे टपाल बाहेर जायला जी वाट हवी, ती तो रोज बंद करतो. तेव्हा नकाशातच वरच्या झरोक्यांना पक्की लोखंडी जाळी, मच्छरदाणी आणि पावसाची झड अडवणारी तिरपी झडप दाखवावी, म्हणजे ते फाल्गुनापासून मृगापर्यंत रात्रभर बिनघोर उघडे राहतील. आणि खालच्या खिडक्या मात्र सकाळी नऊच्या सुमारास, बाहेरची हवा तापू लागताच, लावून घ्याव्यात व दुपार उतरल्यावर उघडाव्यात. ही उघडझाप आपल्या नेहमीच्या सवयीच्या नेमकी उलट आहे, म्हणून ती तोंडी सांगून भागत नाही.

इमारतीचा ताबा घेताना वास्तुविशारदाकडून नकाशांच्या जोडीला एक साधा कागदही मागून घ्यावा: कोणती झडप कोणत्या महिन्यात उघडी, गच्ची कोणत्या आठवड्यात धुवायची, पन्हळीतली पाने कोणी काढायची, कूलरचे पाणी कधी बदलायचे, आणि वीजमापकाचा आकडा दर सोमवारी कोणत्या वहीत लिहायचा. तो कागद मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून, विश्वस्तांच्या दालनात नव्हे तर किल्ल्यांचा जुडगा ज्या खिळ्याला टांगलेला असतो त्याच्या शेजारी लावावा. आणि विश्वस्तांची पहिली पाहणी मेमध्ये ठेवावी, दुपारी चार वाजता, हिशेबनिसांच्या खुर्चीत बसून.